हात पाठीमागे बांधून उभे राहण्याचे काम

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांची असून कॅलिफोर्नियात एका कंपनीत चौदा वर्षे नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम करीत आहे. भारतातून इलेक्ट्रॉनिक्स शाखेची बी.ई. केली आहे, मास्टर्स केलेले नाही. ग्रीन कार्ड आहे. गेल्या सत्रात जवळच्या कम्युनिटी कॉलेजातील (बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयातील) एक प्राध्यापक रजेवर गेल्यामुळे नेटवर्किंगचा संध्याकाळचा एक वर्ग मी अर्धवेळ घेतला. वर्ग संपवून घरी येताना मन इतके प्रसन्न असे की असे किती वर्षांत झाले नव्हते. रात्री-अपरात्री येणाऱ्या ऑन-कॉलच्या फोनांना मी कंटाळले आहे. कॉलेजाने पुढच्या सत्रासाठी दोन वर्ग देऊ केले आहेत, तेव्हा नोकरी सोडून पूर्णपणे शिकवण्याकडे वळावे असे वाटते. परंतु मास्टर्सशिवाय पूर्णवेळ नेमणूक मिळेल का, काही वर्षांत माझे ज्ञान गंजेल का, आणि घरचे म्हणतात तसे हे एक पायरी खाली उतरणे ठरेल का, या तीन प्रश्नांपाशी मी अडले आहे.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे देतोच. पण पत्रात एक गोष्ट नाही, तिच्याकडे आधी लक्ष वेधतो. त्या संध्याकाळच्या वर्गाने तुम्हाला आनंद दिला असे तुम्ही लिहिता, मात्र त्या वर्गातील विद्यार्थी काय करीत होते, कुठे अडत होते, याविषयी एक ओळही लिहीत नाही. मी स्वतः कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात हाच विषय सत्तावीस वर्षे शिकवला, त्यातली पहिली सहा वर्षे अर्धवेळ, आणि माझ्याही सुरुवातीच्या आनंदाचे स्वरूप असेच होते. आपल्याला जे येते ते चाळीस डोळ्यांसमोर सुरळीत मांडता येते याचाच तो आनंद होता. तो खोटा नव्हता, पण ज्यावर पुढची वीस वर्षे काढता येतील असा तो नव्हे. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी नोकरी सोडण्याविषयी. दोन वर्गांच्या भरवशावर नोकरी सोडू नका. अर्धवेळ शिक्षक, म्हणजे ज्याला इथे अ‍ॅडजंक्ट म्हणतात, आणि पूर्णवेळ प्राध्यापक हे दोघे एकाच फळ्यासमोर उभे राहून तेच शिकवतात, परंतु त्यांचे पेशे दोन आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार एका कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एक किंवा अनेक कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा अधिक काम देता येत नाही. पूर्ण भार आठवड्याला साधारण पंधरा व्याख्यान-तासांचा धरला आणि नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमांना लॅबचे तास वेगळे असतात हे लक्षात घेतले, तर दोन-तीन वर्गांतच ही मर्यादा गाठली जाते. त्यावर पोट भरायचे तर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधले वर्ग घ्यावे लागतात, मग तिसऱ्या. अशा शिक्षकांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, आणि या शब्दात विनोदापेक्षा पेट्रोलचा वासच अधिक आहे. मानधन बहुधा वर्गातील तासांवर मोजले जाते. तयारी, तपासणी आणि विद्यार्थ्यांच्या ईमेलना दिलेली उत्तरे त्यात पुरेशी धरलेली नसतात. शिवाय नोंदणी कमी झाली तर वर्ग रद्द होतो, आणि एखाद्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा स्वतःचा वर्ग रद्द होऊन त्यांचा भार अपुरा पडला तर तुमचा वर्ग त्यांच्याकडे जाऊ शकतो, तोही सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात. हे माझ्या बाबतीत दोनदा घडले. कोणाचा दोष नव्हता, पण पत्नीची नोकरी नसती तर त्या दोन सत्रांत घरभाडे निघाले नसते.

पूर्णवेळ नेमणुकीची गोष्ट वेगळी आहे. तिथे चार वर्षांच्या परिविक्षाकालानंतर टेन्युअर, म्हणजे कायमपण, मिळते, पगार जाहीर केलेल्या तक्त्यानुसार ठरतो आणि तो तक्ता कोणालाही पाहता येतो. तक्त्यात आडव्या बाजूला पदव्या व त्यानंतर मिळवलेली युनिट्स असतात आणि उभ्या बाजूला सेवेची वर्षे. तुम्ही मास्टर्सशिवाय गेलात तर डावीकडच्या स्तंभात बसाल, आणि उद्योगातील अनुभवाबद्दल सुरुवातीला किती पायऱ्या वर चढवतात यावर बहुतेक डिस्ट्रिक्टांनी कमाल मर्यादा घातलेली असते. चौदाच्या चौदा वर्षे मोजली जातील असे गृहीत धरू नका. तुमच्या सध्याच्या पगारापेक्षा ती रक्कम कमीच असेल. घरच्यांबरोबर बसून त्या तक्त्यातील पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे आकडे कागदावर मांडा आणि मग बोला.

निवृत्तीचाही विचार याच कागदावर करा, कारण चाळिशीत क्षेत्र बदलणारे नेमके हेच विसरतात. कॅलिफोर्नियातील पूर्णवेळ कॉलेज शिक्षक राज्याच्या शिक्षक निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे कॅलस्टर्समध्ये, जातो आणि त्या पगारावर सोशल सिक्युरिटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेची, कपात होत नाही. पाच वर्षांच्या सेवेनंतर तिथला हक्क पक्का होतो. तुमची चौदा वर्षांची सोशल सिक्युरिटीची वर्गणी वाया जाणार नाही. त्यासाठी लागणारी दहा वर्षे तुमची केव्हाच भरली आहेत. पूर्वी अशा मिश्र नोकरी केलेल्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या रकमेला कात्री लागत असे. जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ती तरतूद रद्द झाली. माझ्या पिढीतील अनेकजण या एका तरतुदीमुळे उद्योगातून शिकवण्याकडे आले नाहीत. तुमच्या वाटेत ती आता नाही.

आता मास्टर्सविषयी. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्यानंतर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत प्रत्येक विषयासाठी किमान पात्रता ठरवून दिलेल्या आहेत. काही विषयांना मास्टर्स अनिवार्य आहे. ज्यांत मास्टर्सची सहसा अपेक्षा नसते अशा विषयांची दुसरी यादी आहे, आणि तिथे कोणतीही बॅचलर्स पदवी व दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव, किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी व सहा वर्षांचा अनुभव पुरतो. संगणक नेटवर्कची उभारणी या दुसऱ्या यादीत येते. मात्र मेख इथे आहे, की एखाद्या कॉलेजाने तोच अभ्यासक्रम ‘कम्प्युटर सायन्स’ या विषयाखाली नोंदवलेला असेल तर मास्टर्स लागते. म्हणून जाहिरातीतील पदाचे नाव वाचून थांबू नका. किमान पात्रतेच्या परिच्छेदात विषयाचे नाव काय दिले आहे ते वाचा. भारतातील पदवीचे इथल्या मान्य मूल्यमापन संस्थेकडून मूल्यमापन करून घ्या. ते नसले तर अर्ज निवड समितीपर्यंत पोहोचतच नाही. अनुभवाचेही तसेच आहे. नेमणुकीच्या तारखा, पूर्णवेळ काम आणि कामाचे स्वरूप सांगणारी पत्रे आधीच्या मालकांकडून आताच मागवा. कंपन्या विकल्या जातात, विलीन होतात, आणि दहा वर्षांपूर्वी तुम्ही तिथे काय करीत होता हे सांगणारा माणूस मग सापडत नाही.

मुलाखतीत दहा ते वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात, आणि अनुभवी इंजिनिअर सर्वाधिक तिथेच अडखळतात. समितीत इंग्रजी किंवा लेखाशास्त्र शिकवणारे प्राध्यापकही बसलेले असतात. मी अशा समित्यांवर अनेकदा बसलो आहे. उमेदवार येतो, आपल्याला किती येते हे दाखवतो आणि जातो. समोरच्यांना काय आले याची त्याला कल्पना नसते. तुम्ही एकच छोटी गोष्ट घ्या. १९२.१६८.१०.० हा पत्ता /२६ ने, म्हणजे ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कसाठी धरून, विभागला तर एका तुकड्यात ६४ पत्ते येतात आणि वापरायला ६२ च का उरतात, एवढेच त्यांच्याकडून कागदावर करवून घ्या. पहिला पत्ता त्या नेटवर्कचा स्वतःचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवलेला, हे लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले तर तुमचे काम झाले.

ज्ञान गंजण्याची भीती मला अर्धीच मान्य आहे. १९९५ साली मी शिकवायला लागलो तेव्हा पातळ कोएक्सियल तार, तिच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर, नॉव्हेलचे नेटवेअर आणि टोकन रिंग हा माझा संसार होता. त्यातले आज काहीही उरलेले नाही. १९९७ मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने नेटवर्किंग अकॅडमी सुरू केली, पुढच्या वर्षी सीसीएनए ही प्रमाणपत्राची परीक्षा आणली, आणि आमच्यासारख्या कॉलेजांचा अभ्यासक्रम त्या साच्यात बसत गेला. मग आयजीआरपी, फ्रेम रिले ही तंत्रे गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएची परीक्षा बदलली तेव्हा त्यात स्वयंचलन आले, प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते एपीआय आणि त्या माहितीचा साचा असलेले जेसन आले, आणि पन्नाशी उलटलेले आम्ही काहीजण उन्हाळ्याच्या सुट्टीत पायथन ही संगणकभाषा शिकत बसलो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, आणि शिक्षकालाही ते नूतन करावेच लागते. हे काम बहुतेक वेळा बिनपगारी असते, ते तुमच्या हिशेबात धरा.

पण दुसरे अर्धे तितकेच खरे आहे. आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, शोधणाऱ्या एआरपी या पद्धतीचे मूळ टिपण १९८२ चे आहे, आणि पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याला ‘आयपी पत्ता माहीत असूनही यंत्राला मॅक पत्ता का शोधावा लागतो’ हे समजावताना मी निवृत्तीपर्यंत तीच आकृती काढत होतो. संगणकशास्त्रज्ञ रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये दिलेला स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे तारांचे वर्तुळ झाले तर ते तोडण्याचा, विचार आजही प्रत्येक स्विचिंगच्या वर्गात शिकवावा लागतो. तुमचे जे ज्ञान गंजेल ते एखाद्या उत्पादनाच्या मेनूंचे, आज्ञांच्या रूपांचे आणि परवान्यांच्या किमतींचे असेल. शिकवताना पाया मात्र इतका घट्ट होतो की तुमच्या आजच्या सहकाऱ्यांपैकी थोड्यांचाच तसा असेल, कारण ‘६२ च का’ हा प्रश्न तिसाव्यांदा विचारला जातो तेव्हा पाठ केलेले उत्तर टिकत नाही. खरा धोका मला वेगळाच वाटतो. काही शिक्षक कंपनीने दिलेल्या स्लाइड वाचून दाखवू लागतात आणि वर्षानुवर्षे प्रत्यक्ष नेटवर्कला हात लावत नाहीत. त्यावर उपाय आहेत. व्यावसायिक शिक्षणाच्या कार्यक्रमांना पर्किन्स कायद्याखाली केंद्र सरकारचा निधी मिळतो आणि उद्योगातील लोकांचे सल्लागार मंडळ ठेवावे लागते. अनेक कॉलेजांत या मंडळाची बैठक म्हणजे वर्षातून एकदा सँडविच खाणे एवढेच असते, पण तुम्ही उद्योगातून येणार असल्यामुळे तुमच्या आजच्या सहकाऱ्यांना तिथे आणून बसवू शकाल, आणि कोणती उपकरणे घ्यायची हे त्यांच्या तोंडून वदवून घेतले तर डीनसाहेबांना नाही म्हणणे जड जाते.

घरच्यांच्या ‘पायरी’विषयी फार लिहिण्याची मला गरज वाटत नाही. आपल्या लोकांचा थोडा घोटाळा शब्दामुळेही होतो. या संस्थांना पूर्वी ज्युनिअर कॉलेज म्हणत. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेली, या प्रकारची देशातील सर्वांत जुनी सार्वजनिक संस्था अजूनही तेच नाव लावते, आणि आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. माझ्या एका मावशींना मी निवृत्त होईपर्यंत बारावीची मुलेच शिकवतो असे वाटत होते. मी त्यांची समजूत काढण्याचे सोडून दिले होते. माझ्या वर्गात गोदामातील पाळी संपवून आलेला माणूस, नौदलातून परतलेली तरुणी, कारखाना बंद पडल्यामुळे पन्नाशीत नव्याने शिकणारा गृहस्थ आणि अजून दाढीही न फुटलेला मुलगा एका बाकावर बसत. संशोधन विद्यापीठात प्राध्यापकाला शोधनिबंधांवर तोलतात; इथे शिकवणे हेच काम आहे. घरच्यांना ते पटेलच असे नाही, आणि पटलेच पाहिजे असेही नाही.

ऑन-कॉलपासून सुटका होईल, हे खरे. परंतु शांत रात्रींचे वचन मी देणार नाही. पूर्णवेळ झालात की अभ्यासक्रम समिती, अध्ययन निष्पत्तींचे अहवाल आणि मान्यता परिषदेची कागदपत्रे येतात. अनेक कॉलेजांत लॅबची देखभालही शिक्षकाच्याच गळ्यात असते. विद्यार्थी निघताना स्विचचे कॉन्फिगरेशन पुसतात, पण व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची, माहिती फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलीत राहते हे विसरतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला आपण न बनवलेले व्हीलॅन दिसू लागतात. रात्री साडेनऊ वाजता चोवीस उपकरणांवरून ती फाइल पुसत बसलेला प्राध्यापक म्हणजे मीच. फरक इतकाच की त्यामुळे कोणाचा धंदा बंद पडत नव्हता, आणि मला त्या फरकाने फार बरे वाटे.

आता ज्याविषयी तुम्ही लिहिले नाही त्याविषयी. चौदा वर्षे तुम्हाला पगार मिळाला तो बिघाड लवकरात लवकर दुरुस्त करण्याबद्दल. शिकवण्यात ही सवयच आडवी येते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या सत्रातील गोष्ट आहे. एका विद्यार्थ्याचे दोन राउटर एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्याच्या मागून जाता जाता पडद्यावर नजर टाकली आणि मला तत्काळ दिसले, की त्याने इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या तार लावायच्या दाराला, पत्ता दिला आहे पण तो चालू केलेला नाही. या राउटरांचे इंटरफेस मुळात बंद असतात आणि ते आज्ञा देऊन उघडावे लागतात. मी वाकलो, दोन शब्द टाइप केले, दिवा हिरवा झाला, तो ‘थँक यू’ म्हणाला आणि मी खुशीत पुढे गेलो. प्रात्यक्षिक परीक्षेत तो नेमका तिथेच अडला आणि चाळीस मिनिटे तारा बदलत बसला. त्या चाळीस मिनिटांत मी शिक्षकाच्या खुर्चीत बसून होतो आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हते, कारण हे त्याचे अपयश नसून माझ्या दोन शब्दांचे आहे हे मला कळत होते.

त्यानंतर मी लॅबमध्ये हात पाठीमागे बांधून फिरू लागलो. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार कठीण असते, कारण उत्तर जिभेच्या टोकावर असते, विद्यार्थी थकलेला असतो, त्याची बस सुटण्याची वेळ झालेली असते आणि घड्याळ पुढे सरकत असते. ‘दिवा कोणत्या रंगाचा आहे’, ‘इंटरफेसची यादी मागवून बघितलीस का’, ‘त्यात स्टेटसच्या रकान्यात काय लिहिले आहे’ एवढेच विचारायचे आणि थांबायचे. कधी मीच मुद्दाम जोडलेले नेटवर्क बिघडवून ठेवत असे. एका स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद करून एकाच तारेची दोन्ही टोके त्यातच खुपसली की थोड्याच वेळात सगळे दिवे एका तालात लुकलुकू लागतात, काहीच चालेनासे होते, आणि वर्गात आधी हशा आणि मग शांतता पसरते. त्या शांततेत जो विद्यार्थी उठून तारा एकेक करून काढू लागतो, त्याला आता नोकरीत काय करायचे ते कळू लागले आहे असे मी समजत असे. आजकाल चॅटजीपीटीला विचारून कॉन्फिगरेशन मिळते, तेव्हा बिनचूक फाइल मागणाऱ्या गृहपाठाला फारसा अर्थ उरलेला नाही. बिघडवलेले नेटवर्क समोर ठेवून ‘काय पाहिलेस आणि का’ हे तोंडी विचारणे हीच परीक्षा उरते. एका वर्गातील चोवीस जणांची अशी परीक्षा घ्यायला दोन संध्याकाळी लागतात आणि तुमचे डोके भणभणते.

याचा आनंद वेगळ्या जातीचा आहे, आणि तो उशिरा येतो. कित्येकदा तो येतही नाही, कारण विद्यार्थी सत्राच्या मध्येच कामाची पाळी बदलली म्हणून निघून जातो आणि त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. कम्युनिटी कॉलेजात हे नेहमीचे आहे. पहिल्या आठवड्यातील तीस चेहऱ्यांपैकी शेवटी वीस उरले तर मी ते सत्र बरे गेले असे मानत असे. प्रत्येक रिकाम्या खुर्चीचा हिशेब तुम्हाला स्वतःला द्यावासा वाटेल. वाटला नाही तर काहीतरी चुकते आहे, आणि फार वाटला तर पाच वर्षांत तुम्ही थकाल. हे मध्यावर कसे ठेवायचे ते मला अखेरपर्यंत नीट जमले नाही.

म्हणून माझा सल्ला असा. दोनपैकी एकच वर्ग घ्या, तो संध्याकाळचा असू द्या, आणि विभागप्रमुखांना सांगून पहिल्या सत्राचा, अगदी प्राथमिक अभ्यासक्रम मागून घ्या. अनुभवी माणसाला वरचे वर्ग आवडतात, पण तुम्हाला हे काम झेपते की नाही ते चौथ्या आठवड्यात सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांची विभागणी, शिकवतानाच कळेल. दोन सत्रे नोकरी सांभाळून हे करा. तुमच्या मालकाशी ऑन-कॉलच्या पाळीविषयी आताच स्पष्ट बोला; जी गोष्ट मागितलीच नाही तिच्यापायी राजीनामा देऊ नये. दरम्यान पदवीचे मूल्यमापन आणि अनुभवाची पत्रे जमवून ठेवा, कारण पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे निघत नाहीत आणि निघाल्या की अर्जाला थोडेच आठवडे मिळतात. अर्ज एका कॉलेजापुरता ठेवू नका. राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. पूर्णवेळ नेमणुकीचे पत्र हातात पडले, पगाराच्या तक्त्यातील तुमची जागा लेखी कळली, की मग राजीनामा द्या, त्याआधी नाही.

आणि दोन सत्रांनंतर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात तुमच्या आनंदाविषयी लिहिले नाही तरी चालेल; एखाद्या अडलेल्या विद्यार्थ्याविषयी सविस्तर लिहा, तो कुठे अडला, तुम्ही त्याला काय विचारले, आणि त्याच्या कीबोर्डला हात लावला की नाही.